विश्रामबागचा माळ

सांगली ते मिरज हे अंतर आठ-दहा किलोमीटरांचे. आता सारा रस्ता दुकानांच्या रांगेतून जातो. सांगली कुठे संपली आणि मिरज कुठे सुरू झाली, हे नव्या माणसाला सांगूनही कळायचे नाही. 1998 साली तर कुपवाडला सोबत घेऊन दोन्ही गावांची एकच महानगरपालिका झाली. पण माझ्या मामांची विश्रामबाग निराळी होती. “दोन संस्थानांमधला उघडा माळ,” असे ते म्हणत. “वारा, बाभळी आणि आमचे कॉलेज!”

यंदा नातीला मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला पोचवायला आम्ही दोघे पुण्याहून निघालो. सांगलीत गणपतीचे दर्शन झाले, कृष्णेचा घाट झाला, आणि मिरजेच्या वाटेवर मी हट्टाने रिक्षा विश्रामबागेला थांबवली. “आता इथे काय?” हिने विचारले. “मामांचे कॉलेज,” मी म्हणालो.

विलिंग्डन कॉलेज 1919 सालचे, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे. त्याआधी या भागातल्या मुलाला बी. ए. व्हायचे तर पुणे गाठावे लागे, नाहीतर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. प्रवासवर्णनकार गोविंद चिमणाजी भाटे इथे प्राचार्य होते. कन्नड कवी वि. कृ. गोकाक यांनीही ती खुर्ची भूषविली. मराठी आणि कानडी मुले एकाच पंगतीला जेवत. कॉलेज लहान, आवार मात्र ऐसपैस. 1947 साली धोंडूमामा साठे यांनी शेजारीच इंजिनिअरिंग कॉलेज उभे केले. 1955 साली त्याला शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. एकाला गव्हर्नराचे नाव, दुसऱ्याला उद्योगपतीचे.

तिसरे नाव जवळच आहे. वानलेसवाडी! तिथे आमच्या घराची गोष्ट आहे.

1941 साली मामा बी. ए. च्या वर्गात असताना खोकल्याबरोबर रक्त पडले. तेव्हा क्षय म्हणजे घरात बोलायचेही नाव नव्हे. स्ट्रेप्टोमायसिन अजून जन्मायचे होते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न, एवढेच औषध. वानलेसवाडीला मिशनचे क्षयरुग्णालय होते. वसतिगृहातून मामांची खाट तिथे गेली. अंडे खायला सांगितले, तेव्हा सोवळ्यातली आजी भिंतीकडे तोंड करून बसे. एक नर्सबाई हसून म्हणाली, “आजी, तुम्ही देवाचे नाव घ्या, तोवर मी यांना खाऊ घालते.” अकरा महिन्यांनी मामा उठले. आजीने निघताना त्या बाईची ओटी भरली. आमच्या घरात त्या काळी असे काही झाले, हे आईला मरेपर्यंत नवल वाटे.

डॉ. विल्यम वानलेस 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या मुलखात आले. 1894 साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उघडले. पण एकटा डॉक्टर किती रोग्यांना पुरणार? म्हणून 1897 साली त्यांनी तिथेच वैद्यकीय शिक्षणाची शाळा काढली. शाळा लहानशी, पण तिचा विचार पुढचा होता.

अशा लहान शाळांपुढे पुढे बिकट प्रश्न उभा राहिला. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी 1918 साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली होती. सरकारने धाकटे अभ्यासक्रम बंद करायचे ठरवले, तेव्हा कॉलेज व्हा, नाहीतर दार लावा, असा पेच पडला. अनेक मिशनांनी माणसे आणि पैसा एकत्र केला आणि 1942 साली तिथे पदवीचा वर्ग सुरू झाला. मिरजेची वाट वेगळी. 1962 साली इथे मेडिकल कॉलेज निघाले ते सरकारचे. विद्यार्थ्यांना रोगी पाहायला मिळाले ते मिशनच्या रुग्णालयात. एकाने कॉलेज दिले, दुसऱ्याने साठ-सत्तर वर्षांचा अनुभव आणि खाटा दिल्या.

नात रिक्षात बसता बसता म्हणाली, “आजोबा, मग कॉलेजला वानलेस यांचे नाव का नाही?”

मला चटकन उत्तर सुचेना. माळावर एवढी नावे, आणि ज्या कामाची सुरुवात त्या डॉक्टराने केली, त्या कॉलेजावर त्याचे नाव नाही! संस्था वाढवायची म्हणजे इमारती वाढवायच्या, पाटी मोठी करायची, असेच आपण धरून चालतो. पण कधी कधी आपले काम दुसऱ्याच्या हाती सोपवूनच ते मोठे होते. घरातही तसेच नाही का? मुलगी सासरी जाते, नाव बदलते, आणि वाढते ते माहेरचेच वळण. हे मी तिला सांगितले. “हं,” एवढेच ती म्हणाली. आजकालच्या मुली उपमांना भुलत नाहीत.

मिरजेला वसतिगृहाच्या दारात हिने डबा तिच्या हाती दिला. आत जाता जाता नात वळली आणि म्हणाली, “आजोबा, त्या नर्सबाईंचे नाव काय होते?”

मामा गेले, आजी गेली, आई गेली. आमच्या घरात ते नाव कुणीच विचारून ठेवले नाही. “ठाऊक नाही बाळ,” मी म्हणालो.

“मी माझ्या पेशंटांना माझे नाव सांगीन,” ती म्हणाली, आणि पळाली.

परतीच्या वाटेवर विश्रामबागेत दिवे लागले होते. माळ कुठेच दिसत नव्हता. पण त्या संध्याकाळी मला तो चांगलाच आठवत होता.