तार तुटली तर?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आंबा घाट, धो धो पाऊस, पुढे एसटी, मागे ट्रक आणि मागच्या सीटवर आई. दर दोन महिन्यांनी तिचे डोळे दाखवायला आम्ही कोल्हापूरला जातो. साखरपा मागे पडलं, चढ सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीचा जीवच गेला. म्हणजे इंजिन चालू, ऍक्सिलरेटर पार तळाला, पण ओढच नाही! डॅशबोर्डवर पिवळा दिवा. एसटी बघता बघता वर निघून गेली आणि आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये बैलगाडीसारखे.

"सांभाळून हाक रे, घाई नाहीये," आई म्हणाली. मागचा ट्रकवाला मात्र तसं म्हणत नव्हता.

कसेबसे वर पोचलो. मोबाइलला जोडायचं छोटं स्कॅनर माझ्याकडे असतं (शनिवार-रविवारचे उद्योग, दुसरं काय). त्यावर कोड आला पी 0299. म्हणजे टर्बोचा दाब हवा त्यापेक्षा कमी. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत बसत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नाही. दोष रत्नागिरीच्या खाऱ्या हवेचा, घरच्या उंदरांचा आणि पुढे कळेलच तसा, माझा.

घरी येऊन बॉनेट उघडलं. चाकाच्या वर, आतल्या बाजूला काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा काळा प्लास्टिकचा ठोकळा असतो. दोन तारा, तीन नळ्या. हा बूस्ट कंट्रोल सोलेनॉइड. कनेक्टर ओढला तर पितळेच्या भांड्याला कळंक चढावा तशी एक पिन हिरवीगार, आणि स्पर्श होताच तुटून हातात. नळीवर उंदराचे दात उमटलेले ते वेगळेच.

आता थोडी थिअरी. कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद सोडून द्या, पण मग मी काय माती खाल्ली ते कळणार नाही.

टर्बो म्हणजे एका दांड्यावर दोन पंखे. एक बाहेर जाणाऱ्या धुरावर फिरतो, दुसरा ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं. अडचण एवढीच की हा प्रकार स्वतःहून थांबत नाही. जास्त धूर, जास्त वेग, जास्त हवा, जास्त डिझेल, अजून जास्त धूर. कुठेतरी लगाम हवा.

पेट्रोल गाड्यांत बहुतेक वेळा हा लगाम म्हणजे एक दार असतं, वेस्टगेट. ते उघडलं की धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो. दार उघडतं टर्बोच्याच दाबाने आणि बंद ठेवते एक स्प्रिंग. स्प्रिंगचा आकडा ठरलेला, म्हणून बूस्टही ठरलेला. मग मध्ये सोलेनॉइड घालून तो दाब थोडा 'चोरायचा', म्हणजे दार उशिरा उघडतं. साब कंपनीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम नॉक सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या हाती दिलं. आज कॉम्प्युटर सोलेनॉइडला सेकंदात अनेक वेळा चालू-बंद करतो. काही व्हॉल्व्ह सेकंदाला तीसेक वेळा, काही दोन-तीनशे वेळा. चालू किती टक्के आणि बंद किती टक्के, यावर बूस्ट ठरतो.

माझ्यासारख्या डिझेल गाडीत वेस्टगेटऐवजी पंख्याभोवती हलणारी पाती असतात. पाती मिटली की धूर फटीतून जोरात येतो, बूस्ट वाढतो. उघडली की कमी. आणि पाती मिटवायला दाब नाही, व्हॅक्यूम लागतो. म्हणजे सोलेनॉइडच्या तीन नळ्यांपैकी एक व्हॅक्यूम पंपाकडे, एक पात्यांच्या ऍक्च्युएटरकडे, एक बाहेरच्या हवेत. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर, पार्ट मागवायचा होता. मूळ पार्टची किंमत बघून डोळे पांढरे झाले. ऑनलाइन त्याच्या पाव किमतीत 'युनिव्हर्सल थ्री-पोर्ट बूस्ट सोलेनॉइड' मिळत होता. मी स्वतःला हुशार समजणारा माणूस, त्यामुळे तपासण्याही केल्या. जुन्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, 15 ओहम. इंजिन चालू असताना 14 व्होल्ट धरले तर एक अँपिअरच्या आत. नवा 20 च्या वर. ओहम फार कमी असते तर कॉम्प्युटरमधला ट्रान्झिस्टर जळू शकतो, जास्त आहेत म्हणजे उत्तम. तारांचंही बघितलं. एका पिनवर इग्निशन चालू केल्यावर फ्यूजमार्गे 12 व्होल्ट, दुसरी पिन कॉम्प्युटरकडे. कॉम्प्युटर प्लस देत नाही, मायनस जोडतो आणि तोडतो. त्यामुळे दुसरी पिन चुकून बॉडीला लावली तर व्हॉल्व्ह कायमचा चालू. हे सगळं मला माहीत होतं. नळ्या सोबत आलेल्या चित्राप्रमाणे जोडल्या. अंगणात स्टार्ट केली, मस्त चालली.

मग एकटाच हातखंब्याच्या दिशेने निघालो. कुवारबाव सोडल्यावर चढ आला आणि पुन्हा तेच, ओढ नाही. पिवळा दिवा लागला. मी म्हटलं च्यायला, पैसे गेले. आणि दुसऱ्याच क्षणी गाडी एकदम पेटल्यासारखी पुढे! टर्बोची शिट्टी चढतच चालली. मोबाइलवर इनटेकच्या दाबाचा आकडा 180, 220, 255. आणि 255 वर थांबला.

कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारा, 255 दिसलं की पोटात गोळा येतो. स्कॅनरवर हा आकडा एका बाइटमध्ये येतो, 0 ते 255 किलोपास्कल. म्हणजे दाब 255 वर थांबला नव्हता, आकडाच संपला होता. पाय काढला, कडेला घेतली, इंजिन बंद. हात थरथरत होते. नवा कोड पी 0234, दाब जास्त.

हळूहळू गाडी हाकत मिस्त्रींकडे नेली. बाबांच्या स्कूटरपासून आमच्या सगळ्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेल्यात. त्यांनी ना स्कॅनर लावला, ना मल्टिमीटर. नव्या व्हॉल्व्हकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तार तुटली तर काय होईल?"

"म्हणजे?"

"अरे, करंटच नाही मिळाला याला, तर नळी कुठे उघडते? बघितलंस?"

नव्हतं बघितलं. त्यांनी ड्रॉवरमधून औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज काढली, ऍक्च्युएटरच्या नळीच्या तोंडाला लावली, दोन्ही तारा मोकळ्या ठेवल्या आणि दट्ट्या ओढला. जुन्या व्हॉल्व्हमध्ये हवा सहज आली, बाहेरच्या हवेतून. नव्यात आली ती पंपाच्या तोंडातून.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझा नवा व्हॉल्व्ह आणि त्याचं चित्र वेस्टगेटच्या पेट्रोल गाडीसाठी होतं. तिथे करंट गेला की दाब थेट ऍक्च्युएटरला मिळतो, दार उघडतं, बूस्ट कमी. एकदम सुरक्षित. तीच जोडणी माझ्या गाडीत केली की करंट गेल्यावर पूर्ण व्हॅक्यूम ऍक्च्युएटरला, पाती मिटलेली, बूस्ट जास्तीत जास्त. सगळं उलट! कॉम्प्युटर म्हणायचा बूस्ट वाढव, व्हॉल्व्ह कमी करायचा. शेवटी कॉम्प्युटरने हात टेकले, सावधगिरी म्हणून सोलेनॉइडचा सिग्नल बंद केला, आणि नेमकं तेव्हाच माझ्या व्हॉल्व्हने टर्बो पूर्ण मोकाट सोडला. ज्याने वाचवायचं त्यानेच खड्ड्यात ढकललं.

"नळ्यांची अदलाबदल केली तर चालेल का?" मी विचारलं.

"चालेलही. पण तो दाबासाठी बनवलाय, ओढण्यासाठी नाही. आईला घेऊन जातोस ना घाटात?"

मूळ पार्ट मागवला. कोल्हापूरहून एसटी पार्सलने तीन दिवसांत आला. बसवताना मात्र काही गोष्टी आम्ही आमच्या केल्या. चाकाजवळून उचलून वर फायरवॉलजवळ घेतला, तोंड खाली, म्हणजे पाणी साचणार नाही. तारेला कनेक्टरच्या आधी खाली एक झोल दिला, पागोळ्या तिथूनच गळून जातात. रबरी सील असलेला नवा कनेक्टर, आत ग्रीस. नळी जाड भिंतीची घेतली. मऊ सिलिकॉनची नळी दाबाला चालते, पण व्हॅक्यूमला आतल्या आत चपटी होते. उंदरांसाठी वरून नायलॉनची जाळी चढवली. आणि सगळं झाल्यावर, इंजिन चालू ठेवून मिस्त्रींनी कनेक्टर ओढून काढला. ऍक्च्युएटरचा दांडा सैल होऊन मोकळा झाला. "हां, आता जा," म्हणाले.

मी पंधरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. सर्व्हर उत्तर देत नसेल तर काय, डेटा रिकामा आला तर काय, हे प्रश्न ज्युनिअर मुलांना रिव्ह्यूमध्ये विचारून विचारून पिडतो. पण घरच्या गाडीचा पार्ट निवडताना ओहम बघितले, व्होल्ट बघितले, किंमत तर आधी बघितली. न चालताना हा काय करतो, हे बघितलंच नाही. आणि 'सुरक्षित' हा गुण पार्टच्या अंगात नसतो, तो कुठे जोडलाय त्यावर असतो. एका गाडीतली सावधगिरी दुसरीत घात करते.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. त्या दिवशी घाटात गाडीने दगा दिला म्हणून मी चिडलो होतो. खरं तर पिन तुटली होती, आणि पिन तुटल्यावर गाडीने जे करायला हवं तेच केलं. पाती उघडली, जोर कमी केला आणि आम्हाला सावकाश वर पोचवलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा कोल्हापूरला जाऊन आलो. आंबा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये एसटीला मागे टाकलं. आई म्हणाली, "एवढी घाई कसली?"

असो. जुना व्हॉल्व्ह टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय. नवा, उलटा, कुणाला द्यायची छाती होत नाही.