सात दिवस, पंधरा दिवस

भाचीचा मानव संसाधन व्यवस्थापनाचा अभ्यास सुरू झाल्यापासून आमच्या कोपरगावच्या घरात ‘ऑनबोर्डिंग’सारखे शब्द चहाबरोबर येतात. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी थांबलं तरी पदविका हाती पडते. तेवढी घ्यायची, नोकरी धरायची, पुढचं पुढे, असा तिचा बेत. माझी उभी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. “मामा, तुम्ही एचआरच होतात की!” ती म्हणते. त्या काळी मला कुणी अशी हाक मारली असती, तर मागे कोण उभंय ते मीच वळून पाहिलं असतं.

पुस्तक वाईट नाही. त्यात एल्टन मेयो आहे, शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले १९२४ पासूनचे प्रयोग आहेत. कुणीतरी दखल घेतली की माणसाचं काम सुधारतं, हे पटतंच. नावानं हाक मारणारा टाइमकीपर आणि नुसता नंबर ओरडणारा, यांतला फरक कामगार बरोबर ओळखतात. नारायण मेघाजी लोखंडे मात्र त्यात नाहीत. १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवणाऱ्या माणसाला एक ओळही नसावी, याचा राग येतो.

परवा ग्रॅच्युइटीचं गणित सोडवलं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० धरले. भागिले २६, म्हणजे दिवसाला हजार. कायम कामगाराला वर्षाला १५ दिवसांचे, २० वर्षांचे तीन लाख. हंगामी कामगाराला हंगामाला ७ दिवसांचे, २० हंगामांचे एक लाख चाळीस हजार. तिनं भराभर मांडलं आणि पेन थांबवून विचारलं, “दोघं एकाच पाळीला, एकाच मशीनवर असले तर?”

असतातच. हंगाम पाच-सहा महिन्यांचा म्हणून निम्म्याच्या आसपास; हिशेब म्हणून यात खोट काढता येत नाही. पण दिवाळीच्या सुमारास हा कारखान्यावर परतणार, हे ठाऊक असताना मधल्या महिन्यांत त्याला दुसरीकडे कायम कोण ठेवून घेणार? १९७२ च्या कायद्यातले हे सात दिवस नव्या श्रमसंहितेतही तसेच आले.

आणि हे तरी मस्टरवरचे. बीड, पाथर्डीकडून येणारे तोडणी कामगार मुकादमाच्या डायरीत असतात. भरती, निवड, आगाऊ रक्कम, करार, गैरहजेरीचा खाडा, पुस्तकातली निम्मी प्रकरणं त्या डायरीत भरलेली आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. रविवार त्यांच्यापर्यंत अजून पोचलेला नाही.

भाचीला प्रकल्पासाठी आता या तोडणी कामगारांच्या कोप्यांवर जायचंय. हाती छापील प्रश्नावली आहे: ‘मी माझ्या कामाबाबत समाधानी आहे’, पुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच खाने. मी म्हटलं, आधी उचल किती घेतली आणि किती फिटली ते विचार. बाईला वेगळं बसवून विचार, कारण उचल बहुतेकदा नवऱ्याच्या हातात पडते आणि फेडायला दोघं राबतात.

गुण पाच खान्यांनाच आहेत, ती म्हणाली. मग दोन्ही कागद घेऊन जा, म्हटलं.