बागेचं चित्र आणि बागेचं कुंपण

रोमला गेलेला माणूस कलोसियमचे फोटो टाकतो. मीही टाकले, तुम्ही लाइक केलेत, आभार. आज फोटो नाही. आज एका चित्राबद्दल लिहायचंय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

भाचा तिकडे शिकतो. त्याला म्हटलं, चर्च पुरे झाली, आता काहीतरी वेगळं दाखव. त्यानं नेलं राष्ट्रीय आधुनिक कला गॅलरीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची इटालियन निसर्गचित्रं बघायला. निसर्गचित्र म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्यातलं कॅलेंडर येतं. डोंगर, झोपडी, नदी, चार बगळे. त्यामुळे फारशी अपेक्षा न ठेवताच गेलो.

आधी थांबलो ते पेल्लीझ्झा दा व्होल्पेदोच्या 'सूर्य' या चित्रापाशी. साल १९०४. टेकडीच्या कडेवर आलेला सूर्य आणि त्याचे किरण, बाकी काही म्हणजे काही नाही. तरी डोळे बारीक करून बघावं लागतं. ही मंडळी रंग पॅलेटवर कालवत नसत. शुद्ध रंगांच्या बारीक रेघा शेजारी शेजारी मारायच्या, मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं. जवळ गेलं की नुसतं रेघांचं जंजाळ, चार पावलं मागे आलं की ऊन.

हा पेल्लीझ्झा म्हणजे 'चौथा वर्ग' या प्रचंड चित्राचा चित्रकार. संपावर निघालेले शेतमजूर सरळ आपल्याकडे चालत येतात, ते चित्र तुमच्यापैकी अनेकांनी पोस्टरवर पाहिलं असेल. १९०१ साली पूर्ण झालं. 'सूर्य' इटलीच्या सरकारनं १९०६ मध्ये विकत घेतला. मजुरांचं चित्र मात्र त्याच्या हयातीत कुणी घेतलं नाही. १९०७ मध्ये बाळंतपणात बायको गेली, मूलही गेलं, आणि अडतिसाव्या वर्षी त्यानं स्वतःच्या स्टुडिओत गळफास घेतला. १९२० साली मिलानमध्ये लोकवर्गणी निघाली, तेव्हा ते चित्र शहराचं झालं. सूर्य घ्यायला सरकारला सोपं गेलं असणार. सूर्याच्या मागण्या नसतात.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच चित्राबद्दल. जाकोमो बाल्ला, 'व्हिला बोर्गेझे, हरणांचा बाग', १९१०. जवळजवळ चार मीटर रुंद आणि पंधरा तुकड्यांचं. मोठ्या खिडकीच्या गजांमधून बाहेर बघावं तसं. पुढे सावली, मागे उन्हात न्हालेलं गवत, झाडं. बाल्लाचं घर या बागेला लागूनच होतं, त्यानं बाल्कनीतून जे दिसलं ते रंगवलं. म्हणजे चित्र कसलं, एका भाडेकरूच्या घरातून दिसणारा देखावा. मी बाकावर बसून बराच वेळ बघत होतो. भाचा म्हणाला, "मामा, बाग अजून आहे. इथून चालत जाता येतं." गेलो. खरंच आहे. पोरं सायकली चालवत होती, एक आजोबा पेपर वाचत होते.

आता यात सार्वजनिक प्रश्न कुठला, असं विचाराल. ऐका.

ही बाग बोर्गेझे नावाच्या सरदार घराण्याची खासगी मालमत्ता. त्यातला हरणांचा भाग तर खास राजपुत्रासाठी राखलेला. बाकीच्या बागेत मात्र रोमचे लोक पिढ्यानपिढ्या फिरायला येत. या, हवं तिथे हिंडा, अशा अर्थाचा लॅटिन शिलालेखच तिथे सतराव्या शतकात लावलेला होता. पुढे रोम इटलीची राजधानी झाली, जमिनीचे भाव चढले आणि बिल्डरांचं राज्य सुरू झालं. जवळचीच व्हिला लुदोव्हिझी, तीही अशीच सुंदर बाग, १८८०च्या दशकात प्लॉट पाडून विकली गेली. आज त्या जागी व्हिया व्हेनेतो आणि तिथली हॉटेलं आहेत.

बोर्गेझेंनीही दरवाजे बंद करायला घेतले. रोमची नगरपालिका कोर्टात गेली. हे वाक्य परत वाचा. नगरपालिका, बाग उघडी राहावी म्हणून, कोर्टात गेली. १८८७ मध्ये रोमच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं सांगितलं की मालकी राजपुत्राची असेल, पण इथे फिरण्याचा हक्क रोमच्या जनतेचा आहे. पुढे घराणं कर्जात बुडालं, १९०१ साली सरकारनं बाग विकत घेतली आणि १९०३ मध्ये ती शहराच्या ताब्यात आली.

बाल्लानं चित्र काढलं १९१० साली. म्हणजे जेमतेम सात वर्षांपूर्वी लोकांची झालेली जमीन तो रंगवत होता. खटला हरले असते तर त्याच्या बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगच्या मोऱ्या दिसल्या असत्या. मग हे चित्र ना निघतं, ना मी बघतो. निसर्गचित्रातला निसर्ग असा कोर्टातून आणि खजिन्यातून आलेला असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर त्या बाकावर कळलं.

इटलीत पुढे १९२२ मध्ये नैसर्गिक सौंदर्याच्या रक्षणाचा कायदा झाला. बेनेदेत्तो क्रोचे हा तत्त्वज्ञ शिक्षणमंत्री असताना त्यानं तो पुढे रेटला होता. १९४८च्या राज्यघटनेत तर कलम ९ मध्ये देशाचा निसर्गदेखावा जपणं ही प्रजासत्ताकाची जबाबदारी म्हणून लिहून ठेवलीय. तरी तिथे बेकायदा बांधकामं होतात, भाचा सांगत होताच. स्वर्ग नाहीये तो.

आपल्याकडे काय? आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये बियास नदीच्या काठच्या जमिनीच्या खटल्यात सांगितलं की नद्या, किनारे, जंगलं यांचं सरकार मालक नाही, जनतेच्या वतीनं विश्वस्त आहे. आणि हे तत्त्व न्यायालयानं आणलं कुठून? प्राचीन रोमन कायद्यातून. म्हणजे तत्त्व आपल्याकडेही पोहोचलंय. मुंबईत मात्र मैदानं 'दत्तक' द्यायची धोरणं निघतात आणि मैदान उघडं राहावं म्हणून कोर्टात जावं लागतं ते नागरिकांना, स्वतःचे पैसे घालून. समोर वकील उभा असतो तो पालिकेचा.

वॉर्डातल्या मैदानाच्या सुनावणीची तारीख कळली की इथेच टाकतो. आणि कुणी रोमला जाणार असेल तर ती गॅलरी सोमवारी बंद असते, त्या हिशेबानं जा.