पाडस वरच्या फळीवरून खाली काढ

सांगली
रविवार सकाळ

प्रिय धाकटे,


तुझा निरोप काल रात्री मोबाइलवर वाचला. लगेच फोन करणार होते, पण फोनवर आपलं बोलणं दुखण्याखुपण्याकडे वळतं आणि मुद्दा राहून जातो. म्हणून आज चहा झाल्याबरोबर कागद घेऊन बसले.

छोटी रात्री अकरा वाजता उशीत तोंड खुपसून रडत होती, विचारलं तर काही बोलेना, शेजारी ‘पाडस’ उघडं पडलं होतं. तू ते उचललंस आणि वरच्या फळीवर दिवाळीच्या डब्यांमागे ठेवून दिलंस. आता विचारतेस, बारा वर्षांच्या मुलीला सोसेल असं काही चांगलं, पण हलकंफुलकं सुचव. सुचवीन. पण आधी ते पुस्तक खाली काढ. आजच काढ. पानाची खूण हलली असेल तर हलू दे, तिची तिला जागा सापडेल.

ती कुठवर आली होती? फॉडरविंग गेला तिथे, की कोवळा मका खाल्ला गेला तिथे? मला वाटतं दुसरं. पहिल्या ठिकाणी मूल गप्प होतं, रडत नाही.

तू ते वाचलेलं नाहीस. माझ्या हातात ते आलं तेव्हा तू पहिलीत होतीस. म्हणून थोडं सांगते, म्हणजे तू लेकीपासून नक्की काय काढून घेतलंस ते तुला कळेल.

अमेरिकेतल्या फ्लोरिडातलं रान. तिथलं यादवी युद्ध संपून काही वर्षं झालेली. वाळूची जमीन, पाइनची खुरटी-उंच झाडं, आणि त्यात बॅक्स्टरांचं एकटं घर. बाप पेनी, आई ओरी आणि मुलगा ज्योडी. घराला विहीर नाही. जमीन खचून जो खोल खळगा झालाय, त्यातून पाणी वर आणायचं. पोटाला काय, तर पेरलेला मका आणि शिकार. एके दिवशी पेनीला विषारी साप चावतो. समोर एक हरिणी असते. तो तिला गोळी घालतो आणि तिचं काळीज काढून जखमेवर दाबून धरतो, विष ओढून घ्यायला. बाप वाचतो. हरिणीचं पिल्लू मात्र झुडपात तसंच उभं राहतं. ज्योडी म्हणतो, आपण तिचा जीव घेऊन आपला वाचवला, मग तिचं पिल्लू उपाशी मरू देणं बरं नव्हे. बापाला हे पटतं आणि पाडस घरी येतं.

त्याचं नाव ठेवायला ज्योडी शेजारच्या फॉरेस्टरांकडे जातो. तिथला फॉडरविंग हा त्याचा एकुलता सवंगडी, अंगाने वाकडा, जनावरांचा वेडा. ज्योडी पोहोचतो तेव्हा तो मेलेला असतो. पण मरायच्या आधी त्याने नाव शोधून ठेवलेलं असतं: फ्लॅग. हरणाची पांढरी शेपटी पळताना निशाणासारखी फडकते म्हणून. मित्राकडून ज्योडीला शेवटचं मिळतं ते हे नाव. लेखिका रॉलिंग्जबाई त्यावर एक शब्द जास्त लिहीत नाहीत. पेनी थडग्याशी प्रार्थना करतो आणि बापलेक घरी परततात.

मग फ्लॅग वाढतो, आणि वाढलेलं हरीण शेत खाणारच. मक्याचे कोंब खातो. बाप जोर लावताना दुखावून अंथरुणाला खिळलेला, म्हणून पोरगं एकटं पुन्हा पेरतं, कुंपण उंच करतं. हरीण तेही ओलांडतं. शेवटी बाप सांगतो, त्याला रानात ने आणि गोळी घाल. ज्योडीच्याने होत नाही. आई बंदूक उचलते, तिचा नेम नीट लागत नाही, आणि जखमी जनावराची सुटका करायचं काम ज्योडीवरच येतं.

आता तू म्हणशील, ताई, हे मुलीला वाचायला द्यायचं?

मी तेरा वर्षांची होते. मे महिना, आजोळचं घर. माजघरातल्या कोनाड्याशी पाय पसरून मी तो शेवट वाचला आणि पुस्तक मिटून परसात गेले. आजीने मला रडताना पाहिलं. ती काही बोलली नाही. ताटात आमटी वाढताना फक्त एवढंच विचारलं, “हरणाचं काय झालं गं?” म्हणजे तीन दिवस मी मोठ्याने वाचत होते ते ती चुलीपाशी बसून ऐकत होती. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी दात-ओठ खाऊन म्हणाले, त्याची आई दुष्ट आहे. आजीने हातातला डाव खाली ठेवला. म्हणाली, “तिची आधीची किती पोरं गेली होती?”

मला आठवेना. पुस्तकात ते सुरुवातीलाच येतं, मी ते भरभर वाचून पुढे गेले होते. रात्री कंदिलाशी बसून ते पान शोधलं. ओरीची मुलं एकामागून एक झाली आणि गेली. त्यांची छोटी थडगी आहेत, पेनीने लाकडाच्या पाट्यांवर नावं कोरली आहेत. एकाचं तर नुसतं वय, महिने आणि दिवस. ज्योडी त्या सगळ्यांनंतर जगलेला. या बाईने माया आधीच खर्चून टाकली होती आणि उरली होती ती फक्त घरातला मका संपू न देण्याची धास्ती. आपल्या आईच्या आधीची दोन आजीने घालवली होती, हे तुला ठाऊक आहे. आजीला शाळा दुसरीपर्यंत. ते पान तिने वाचलं नव्हतं, तरी तिला ते आधीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचलं, आणि ते वेगळंच निघालं. त्या एका उन्हाळ्यात मला जे मिळालं त्यावर मी पुढे चाळीस वर्षं वाचनालयात मुलांना पुस्तकं काढून देत बसले. म्हणून तुला इतक्या आग्रहाने सांगते आहे.

रॉलिंग्जबाईंनी हे सगळं घरात बसून रचलेलं नाही. मार्जोरी किनन रॉलिंग्ज आधी वर्तमानपत्रांत लिहायच्या. १९२८ साली त्या फ्लोरिडातल्या क्रॉस क्रीकला संत्र्याची बाग घेऊन राहायला आल्या. रानातल्या जुन्या माणसांच्या घरी मुक्काम करायच्या, त्यांच्याबरोबर शिकारीला जायच्या, बोलणं टिपून घ्यायच्या. कादंबरी १९३८ मध्ये आली आणि १९३९ चं पुलित्झर तिला मिळालं. ते बक्षीस मोठ्यांच्या कादंबरीला देतात. तेव्हा मुलांसाठी म्हणून कुणी कमी तिखटाचं वेगळं शिजवलेलं हे अन्न नव्हे. मराठीत आणलं ते राम पटवर्धनांनी, ‘सत्यकथा’चे संपादक. मूळ इंग्रजी नावात एक वर्षाचं जनावर असा अर्थ आहे, धड पिल्लू नाही आणि धड मोठं नाही असं. मराठीत त्याला एका शब्दात सांगता येत नाही. पण पटवर्धनांनी जो शब्द घेतला त्यात दुसरंच काही सापडलं: आपल्याकडे आई लेकरालाही पाडस म्हणते. त्यामुळे मराठी वाचकाला मुखपृष्ठावरच कळतं की पाडसं दोन आहेत.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण तू म्हणतेस पुस्तकातून मुलीला काही चांगलं मिळावं. पेनीकडे एक निकामी कुत्रा असतो. तो फॉरेस्टरांना सरळ सांगतो, हा कुत्रा काही कामाचा नाही. त्यांना वाटतं, हा लपवतोय, म्हणजे कुत्रा नक्की भारी असणार, आणि ते बदल्यात चांगली बंदूक देतात. वाटेत ज्योडी म्हणतो, तुम्ही तर खरंच बोललात. तेव्हा बाप कबूल करतो की शब्द सरळ होते, हेतू वाकडा होता. सहावी-सातवीतल्या मुलांना हे लागतं, कारण ती रोज असंच खरं बोलत असतात. मूल्यशिक्षणाच्या तासाला हे कुणी शिकवू शकत नाही, मी प्रयत्न करून पाहिलेला आहे.

बाजारात अशा पुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्या मिळतात, रंगीत चित्रांच्या, शंभर पानांच्या. त्या आणू नकोस. गोष्ट राहते, पण तो खळगा, थडग्यांवरच्या त्या लाकडी पाट्या, अवेळी येऊन आठवडाभर झोडपणारं वादळ, हे सगळं कापलं जातं. मग उरतं ते ‘हरीण मेलं’ एवढंच, आणि ते खरोखरच क्रूर आहे. भोवतीच्या चारशे पानांमुळेच ते सोसवतं.

आता तुझी यादी.

हलकंफुलकं हवं तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनातला, सायकलीवर कुठेही पोहोचणारा. छोटीचं ते वय सरत आलंय, पण सुट्टीत दोन-चार तिला मनापासून आवडतील. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तोही दे. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ तू स्वतः तिच्याबरोबर वाच, तुला जास्त आवडेल.

‘श्यामची आई’ घरात आहे, माहीत आहे. ती तिच्या हातात संस्कारांचं पुस्तक म्हणून देऊ नकोस, एवढी विनंती. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये छापली गेली, आणि तेव्हापासून आपण ती मुलांना औषधासारखी पाजत आलो. मला ती कर्जात बुडणाऱ्या एका कोकणी घराची गोष्ट म्हणून आवडते. सावकाराचा माणूस वसुलीला येऊन दारात बसतो, त्या रात्री आईचं काय होतं ते वाच. पोहायला भिऊन लपलेल्या पोराला तीच आई शिंपटीने झोडते. आणि शेवटी श्याम पोहोचतो तेव्हा ती गेलेली असते. ‘पाडस’ वाचून रडलेल्या मुलीला हे कुणी समजावून द्यावं लागणार नाही.

पण माझं मन जिथे अडकतं तो लंपन. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’, १९९४. संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे, कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव. लंपन म्हणजे आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहायला आलेला मुलगा, बेळगावकडचा मुलूख, कानडीचा वास असलेली मराठी. काही घडत नाही म्हणावं तर काहीच घडत नाही: शाळेची वाट, तळं, सुमी नावाची मुलगी, रात्री अंथरुणात आईची आठवण. तो मुलगा स्वतःच्या डोक्यात जे अखंड बोलत असतो तेच पुस्तक. या वयाच्या मुलांना वाटतं की आपल्या मनात चालतं ते फक्त आपल्याच मनात चालतं. लंपन वाचताना ते वाटणं जातं. आमच्या वाचनालयात एक मुलगा ‘वनवास’ तीन आठवडे परत करीना. दंड भरायला आला तेव्हा त्याने विचारलं, पुढचा भाग आहे का? ‘शारदा संगीत’ मी टेबलाच्या खणात त्याच्यासाठी काढूनच ठेवलं होतं. छोटीला तिथली बोली सुरुवातीला अडेल. पहिली दहा पानं तू मोठ्याने वाच, आपल्या आईकडचं बोलणं तिच्या कानात आहे, जमेल.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ अजून दोन वर्षांनी. ती मी मुद्दाम राखून ठेवते आहे. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक कोवळा मास्तर येतो, हळूहळू गावाचा होतो, आणि दुष्काळात ते गावच उठून जातं. रिकामी घरं कशी दिसतात ते माडगूळकरांनी असं लिहिलंय की मला पाठीत गारवा जाणवतो. ते नववीत वाचावं, घर सोडून शिकायला जायचे दिवस दिसू लागतात तेव्हा.

शेजारच्या वहिनींचा मुलगा शुक्रवारच्या एसटीने तुमच्याकडे येतो आहे. त्याच्याबरोबर ‘वनवास’ आणि ‘शारदा संगीत’ पाठवते. माझ्या प्रतीत पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या तिला खोडायला लावू नकोस. ‘पाडस’ तिच्या उशाशी ठेव आणि काही विचारू नकोस. ती पुन्हा रडली तर रडू दे, जेवायला मात्र हाक मार.

पुढे वाचलं की नाही ते मला कळवू नकोस. तिला वाटलं तर ती फोन करील. दुपारी मी घरीच असते.

तुझी,
ताई