माणूस मोजा, संशयित धरू नका

"लपवायला काही नसेल तर कागद दाखवायला काय जातंय?" बारामतीच्या एसटी स्टँडवर, इंदापूरच्या तहसील कचेरीबाहेर, चहाच्या टपरीवर, हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. विचारणारी माणसं वाईट नाहीत. त्यांच्याकडे कागद आहेत, एवढंच. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी झालीय, पण वाचा.

नागरिकत्व कायद्यात 2003 च्या दुरुस्तीनं 14-अ हे कलम आलं. प्रत्येक नागरिकाची सक्तीनं नोंदणी करायची आणि त्याला राष्ट्रीय ओळखपत्र द्यायचं, हा अधिकार त्यातून केंद्राला मिळाला. त्याची पहिली पायरी एनपीआर, म्हणजे लोकसंख्या नोंदवही. पुढची एनआरसी, म्हणजे नागरिकांची नोंदवही. पहिल्या वहीतून दुसरी करताना कुणाच्या नावापुढे 'संशयास्पद नागरिकत्व' असा शेरा मारायची सोय 2003 च्या नियमांतच आहे. आपण नागरिक आहोत हे मग त्या माणसानं सिद्ध करायचं.

एप्रिल ते सप्टेंबर 2020 मध्ये एनपीआरचं काम व्हायचं होतं. आई-वडिलांची जन्मतारीख आणि जन्मस्थळ विचारणार, हे कळल्यावर राज्यभर मोर्चे निघाले. 26 डिसेंबर 2019 ला प्रकाश आंबेडकरांनी दादरला धरणं धरलं. हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही, कागद नसलेल्या भटक्या-विमुक्तांचाही आहे, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्याकडे तेव्हा मोठ्या सभांपेक्षा वस्तीवरच्या बैठका जास्त कामाच्या ठरल्या. इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका पारधी वस्तीवर मी बातमीसाठी गेलो होतो. वीस-पंचवीस माणसं, एक सतरंजी, भाषण करणारा कॉलेजचा पोरगा. तो एनपीआर समजावून सांगत होता. मध्येच एक म्हातारबा उठले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सायेब, माझ्या आज्याचं नाव एकाच वहीत हुतं. पोलीस पाटलाच्या हजेरीत. ती वही आणून दावू का?"

कुणी हसलं नाही.

ज्यांना संदर्भ माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. 1911 च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्याला लागू झाला. अख्ख्या जमातीची नोंदवही, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी. वस्तीबाहेर जायचं तर परवानगी. सोलापूरचं सेटलमेंट त्याच काळातलं. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून हे लोक 'विमुक्त'. म्हणजे आपल्या भागात नोंदवहीला भिणारी माणसं आहेत, ती अडाणी म्हणून भीत नाहीत. वहीत नाव लागलं की काय होतं, हे त्यांच्या घरात तीन पिढ्यांनी बघितलंय.

आणि गंमत अशी की हीच माणसं कागदासाठी तहसीलच्या पायऱ्याही झिजवतात. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. त्या तारखेला ज्याचा बाप पाल टाकून फिरत होता, त्यानं सातबारा कुठला आणायचा?

"ते पारध्यांचं झालं, आमचं काय?" असं वाटत असेल तर स्वतःच्या घरात बघा. आपल्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो. गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख ती. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठीचा कायदाच 1969 चा, त्याआधी जन्मलेल्या आईची तारीख कुठनं आणणार? 'बहात्तरच्या दुष्काळात झाला' हा आपला जन्मदाखला. पळसदेवसारखी गावं उजनीच्या पाण्याखाली गेली. तिथल्या म्हाताऱ्यांचं जन्मस्थळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं तरच दिसतं. लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर.

आसाममध्ये हेच झालं. 31 ऑगस्ट 2019 ला तिथली अंतिम यादी आली आणि 19,06,657 माणसं बाहेर राहिली. तारीख बघा, विमुक्त दिनाचीच. बापाशी नातं दाखवायला अनेक बायकांकडे फक्त ग्रामपंचायतीचा दाखला होता. तो धरायचा की नाही, याचा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला.

विरोध करून काय होतंय, असंही लोक विचारतात. इंग्लंडनं 2006 मध्ये ओळखपत्राचा कायदा केला होता. तिथल्या लोकांनी गावोगाव मोहीम चालवली. त्यांचा मुख्य आक्षेप कार्डावर नव्हता, कार्डामागच्या सरकारी वहीवर होता. 2010 मध्ये नवं सरकार आलं, कायदा रद्द झाला आणि ती नोंदवहीही नष्ट केली गेली. आपल्याकडं 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळं काम पुढं ढकललं गेलं. ढकललं गेलं, रद्द झालेलं नाही. 14-अ कलम आजही कायद्यात आहे.

आता महत्त्वाचं. जनगणना येतेय, तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. यावेळी जातीचीही नोंद होणार आहे. जनगणना आणि एनपीआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका. जनगणना 1948 च्या कायद्यानं होते, तिच्यात दिलेली माहिती गोपनीय असते आणि कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. एनपीआर नागरिकत्वाच्या कायद्याखाली येतं. म्हणून जनगणनेवर बहिष्कार वगैरे अजिबात नको. उलट पालापालावर, ऊसतोडीच्या कोप्यांवर जाऊन प्रत्येक माणूस मोजला गेला पाहिजे. भटक्या-विमुक्तांना तर मोजणी हवीच आहे. मोजलं नाही तर घरकुलाचा, शाळेचा, वसतिगृहाचा आकडा कशावरून ठरणार?

आपली मागणी साधी आहे. दारात येणाऱ्यानं कुठल्या कायद्याखाली माहिती घेतोय ते आधी सांगावं. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरू नये. आणि कागद नाही म्हणून कुणाच्या नावापुढं शेरा पडू नये. पुढच्या ग्रामसभेत हे तीन मुद्दे मांडा, ठराव लिहून घ्या, प्रोसिडिंगची नक्कल मागून ठेवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. लपवायला आमच्याकडं काही नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. दाखवायलाही काही नाही.

तुमच्या घरात एक जूनवाले किती आहेत, मोजून सांगा.