मुखपृष्ठ नसलेल्या पुस्तकांबद्दल

आपल्या शाळेच्या वाचनालयात दर शनिवारी दोन तास बसणारे आम्ही चार पालक. ग्रंथपाल बाईंना हातभार लावावा, सुटलेली पाने डकवावीत, मुलांनी भलत्याच कप्प्यात कोंबलेली पुस्तके जागेवर न्यावीत, एवढेच आमचे काम. त्या कामात एक अमेरिकन सिनेमा कसा शिरला आणि त्यामुळे कोठीच्या खोलीतल्या दोन लाकडी पेट्या पस्तीवाल्याकडे जायच्या कशा थांबल्या, ते विश्वस्तांच्या आणि पालकांच्या कानावर घालावे, म्हणून हे चार शब्द.

उन्हाळी सुट्टीत मुलांना 'बॅक टू द फ्यूचर' हा १९८५ सालचा सिनेमा दाखवला. रॉबर्ट झेमेकिस यांचा हा सिनेमा बहुतेक पालकांना ठाऊक असेल. मार्टी नावाचा मुलगा कालयंत्र बसवलेल्या मोटारीतून १९८५ मधून थेट ५ नोव्हेंबर १९५५ या दिवशी जाऊन पडतो, तो एका शेतकऱ्याच्या कोठारात. घरची मंडळी धावत येतात. मोटारीची दारे पंखांसारखी वर उघडतात आणि आतून अंगभर संरक्षक पोशाख घातलेला मार्टी बाहेर येतो. शेतकऱ्याच्या मुलाच्या हातात एक कॉमिक असते. त्याच्या मुखपृष्ठावर असेच यान आणि असाच प्राणी! मुलगा ते बापाला दाखवतो आणि बाप बंदूक उचलतो. त्या कॉमिकचे नाव 'टेल्स फ्रॉम स्पेस', आणि वर मथळा प्लुटोवरून आलेल्या झाँबींचा. (प्लुटो तेव्हा पुरता ग्रह होता. त्याला बटुग्रहांत ढकलले ते २००६ साली.)

सिनेमा संपला. मुले हसत खेळत घरी गेली. पण आठवीतला एक मुलगा मागे रेंगाळला आणि म्हणाला, "काका, त्या कॉमिकच्या आत काय आहे?"

आम्ही म्हटले, "आत काय असणार? गोष्ट."

"पण असे कॉमिक खरे नाहीच ना? सिनेमासाठी केलेले आहे. मग आतली पाने कुणाची?"

प्रश्न बिनतोड होता. 'टेल्स फ्रॉम स्पेस' नावाचे ते कॉमिक कोणत्याही दुकानात विकले गेले नव्हते. पडद्यावर दिसायचे ते फक्त मुखपृष्ठ, म्हणून काढले तेही मुखपृष्ठच. अशा वस्तूंना आपले नाटकवाले 'प्रॉपर्टी' म्हणतात. स्नेहसंमेलनात वकिलाच्या हातातले कायद्याचे पुस्तक आत उघडले तर टेलिफोन डिरेक्टरी निघते, हे आपण पाहिलेच आहे. सिनेमावाल्यांचीही हीच जुनी युक्ती आहे. वरचे वेष्टन नवे छापायचे आणि आत हाताशी असेल ते त्याच काळातले खरे पुस्तक घालायचे. पुढे अशा वस्तू संग्राहकांच्या हाती येतात आणि मग तेही आपल्या मुलासारखाच प्रश्न विचारतात. वेष्टनाच्या आतला तो बिननावाचा अंक कोणता? चित्रीकरणासाठी एकाच वस्तूच्या चार प्रती केल्या असतील तर चारही प्रतींच्या पोटात वेगवेगळे अंक असू शकतात. त्यामुळे उत्तर प्रत्येक प्रतीचे निराळे, पण शोधायची रीत मात्र एकच. आम्हाला त्या रीतीचेच वेड लागले.

आधी अमेरिकन कॉमिकची बांधणी समजून घेतली पाहिजे. वर्तमानपत्री कागदाची साधारण ३२ पाने, त्यांवर गुळगुळीत कागदाचे वेगळे मुखपृष्ठ, आणि मधोमध मारलेल्या दोन पिना. पिना उचकटल्या की मुखपृष्ठ निघून येते आणि आतला मजकूर जसाच्या तसा राहतो. शिवाय न खपलेला अंक विक्रेत्याने पूर्ण परत पाठवायची गरज नसे. मुखपृष्ठ किंवा त्याचा वरचा भाग फाडून पाठवला की पैसे वळते होत. उरलेला अंक नष्ट करायचा असे ठरलेले असे, पण तसे नेहमी होत नसे. कुणीतरी तो दोन-चार सेंटला विकून टाकी. म्हणून मुखपृष्ठ नसलेले जुने अंक तिकडे ढिगाने सापडतात. संग्राहकांच्या लेखी त्यांची किंमत फार कमी, आणि प्रॉपर्टी करणाऱ्याला असाच अंक सोयीचा.

आता मुखपृष्ठच नाही तर ओळखायचे कसे? पहिली जागा म्हणजे बारीक टायपातला प्रकाशनाचा मजकूर. मासिकाचे नाव, अंक, महिना, प्रकाशकाचा पत्ता त्यात असतो. तो पहिल्या पानाच्या तळाशी असला तर काम दोन मिनिटांत होते. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला असला, तर मुखपृष्ठाबरोबर तोही गेला. मग जाहिरातींकडे वळायचे. आपण जाहिराती वगळून वाचतो, शोधणारा त्याच आधी वाचतो. पत्त्यात 'न्यूयॉर्क १७' असा दोन आकडी विभाग असेल तर अंक बहुधा १९४३ नंतरचा, कारण तो पद्धतशीर विभाग तेव्हापासून सुरू झाला. पाच आकडी झिप कोड असेल तर तो १ जुलै १९६३ च्या आधीचा असूच शकत नाही. कुठे आतल्या पानांवर अंकाची किंमत आली आणि ती १० सेंट असली, तर आपण १९६१-६२ च्या अलीकडे बहुधा येत नाही, कारण त्या सुमारास ती १२ सेंटांवर गेली. पाण्यात टाकताच जिवंत होणाऱ्या 'सी-मंकीज'ची जाहिरात दिसली तर १९६० चे दशक उजाडलेले असते. (ती माकडे नव्हेत, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कोळंबीच्या जातीची पिल्ले. कित्येक अमेरिकन मुलांचे खाऊचे पैसे त्यांत बुडाले.)

अंकात मधेच दोन पाने नुसत्या मजकुराची, चित्राविना गोष्ट असलेली सापडली, तर गोंधळून जाऊ नये. टपालाचा सवलतीचा दर मिळवायचा तर थोडा वाचनीय मजकूर असणे भाग होते, म्हणून ती घालत. मुले ती पाने वाचत नसत. पण शोधणाऱ्याला तीच फार उपयोगी पडतात.

अक्षरांचे वळणही साक्ष देते. विल्यम गेन्स यांच्या ई.सी. या प्रकाशनाच्या बहुतेक कॉमिक्समधले संवाद हाताने लिहिलेले नसत. अभियंते नकाशावर अक्षरे काढण्यासाठी 'लेरॉय' नावाची साचापट्टी वापरीत, तिनेच ती काढलेली असत. एकसारखी, सरळ, थोडी कोरडी. एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाहीत. ई.सी. म्हटले की भयकथा, आणि इथे त्या सिनेमातल्या मुखपृष्ठाची एक गंमत आहे. १९५४ साली मुलांवर कॉमिक्सचे वाईट संस्कार होतात म्हणून अमेरिकेत मोठे काहूर उठले. डॉ. फ्रेडरिक वर्दम यांचे पुस्तक आले, सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. शेवटी प्रकाशकांनी मिळून स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. त्यात चालती प्रेते, रक्तपिपासू, लांडगामाणसे यांना साफ बंदी होती. १९५५ पासून बहुतेक अंकांवर त्या संहितेचा शिक्का दिसू लागला. म्हणजे सिनेमातला तो दिवस उगवेपर्यंत झाँबींना मुखपृष्ठावर मिरवणे अवघड झाले होते. शेतकऱ्याच्या मुलाने एखादा जुना अंक उशाखाली जपून ठेवला असावा, असे आम्ही मानून चालतो. आपल्यापैकी कितीजणांनी लहानपणी असे अंक जपले, ते इथे विचारत नाही.

ॲटलास या प्रकाशनाच्या कथांच्या पहिल्या चित्रात कोपऱ्यात एक बारीक अक्षर आणि आकडा असे. तो कामाचा क्रमांक. अंक हरवला, नाव हरवले, तरी या क्रमांकावरून कथा कोणत्या सुमारास तयार झाली ते जाणकार सांगतात. अशा साऱ्या खुणा, प्रत्येक कथेची पाने, पात्रे, चित्रकार यांची नोंद 'ग्रँड कॉमिक्स डेटाबेस' या नावाने स्वयंसेवक १९९४ पासून करीत आले आहेत.

आणि जिथे आकडाही नाही, तिथे हात ओळखायचा. डोनाल्ड डकच्या चित्रकथा कार्ल बार्क्स यांनी १९४२ पासून काढल्या, अंकल स्क्रूज १९४७ साली जन्माला घातला, पण त्यांचे नाव छापले जात नसे. सगळीकडे वॉल्ट डिस्ने यांचेच नाव. वाचक मुलांना मात्र कळे की या ढिगात एकाचे बदक औरच असते. ती त्याला नुसते 'चांगला बदकवाला' म्हणत. त्यातल्या काहींनी मोठेपणी चिकाटीने चौकशी करून १९६० च्या सुमारास त्यांचे नाव शोधले. जवळजवळ अठरा वर्षे चित्रे काढून झाल्यावर त्या माणसाला वाचकांची पत्रे येऊ लागली. आम्हा चौघांना या साऱ्या शोधातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आता आपल्या पेट्या. नोंदवहीत त्यांच्यासमोर 'बाद' असा शेरा आहे. कारण पुठ्ठा नाही, नाव नाही, दाखलअंक नाही. कोठीची खोली संगणकांसाठी हवी आहे आणि विश्वस्तांची ती निकड आम्हाला पटते. दिवाळीच्या सुट्टीत पडताळणी झाली की पेट्या रिकाम्या करायच्या, असे ठरले होते. आम्ही विनंती केली, त्याआधी आम्हाला काही शनिवार द्या. ते मिळाले.

बसलो, आणि आपल्याकडच्या खुणा अमेरिकेहून कमी नाहीत असे दिसले. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीचे. 'नवे पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ च्या मधले. पत्त्यात 'मुंबई १' असेल तर जुने, 'मुंबई ४०० ००१' असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. तो पिनकोड ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यात होते आणि संस्कृत कवीही होते, हे मुलांना सांगितले तर मुलांनी आधी विश्वासच ठेवला नाही. १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव घालावेच लागे. ती ओळ बऱ्याचदा शेवटच्या पानाच्या पायाशी सापडते, पुठ्ठ्याबरोबर जात नाही. आणि अस्सल मराठी खूण म्हणजे अनुस्वार. 'नाहीं', 'कांहीं', 'घरें' असे छापलेले दिसले की पुस्तक बहुधा १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचे. सातवीच्या मुलींनी हे काम इतके मनावर घेतले की त्या आता जाता-येता दुकानांच्या पाट्या तपासतात.

'डेंकाली' हे नाव वाचताच आम्ही चौघेही एकदम ओरडलो, इंद्रजाल! ली फॉक यांच्या मूळ चित्रकथेत वेताळाचा देश निराळ्या नावाचा आहे. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून तो आपल्याकडे आणताना नाव बदलून घेतले. खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम राजा दिसला तिथे तर आकडा शोधायची गरजच पडली नाही. चांदोबातली ती चित्रे के. सी. शिवशंकरन, म्हणजे 'शंकर', यांच्या हातची. आतापर्यंत पहिली पेटी पुरी झाली आहे. तिच्यातल्या ५४ पुस्तकांपैकी ४१ पुस्तकांना नाव आणि साल मिळाले आणि बाईंनी त्यांना नवे दाखलअंक दिले. उरलेल्यांत वाळवीने पोखरलेली आहेत. ती द्यायला आमची हरकत नाही.

आपण बडोद्याची माणसे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अमेरिका पाहिली आणि १९१० साली तिथूनच विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. पुस्तकाची नोंद नीट असावी हा हट्ट या गावाला नवा नाही, एवढेच विश्वस्तांपुढे मांडतो आणि दुसऱ्या पेटीसाठी मार्चअखेरपर्यंत मुदत मागतो.

मुदत मागण्याचे खरे कारण त्या दुसऱ्या पेटीत सर्वांत वर आहे. एक पातळ पुस्तक, पुठ्ठा नाही, पहिली चार पाने नाहीत. आत कापडाच्या दुकानाची जाहिरात आहे, तिच्यात किंमत नव्या पैशांत, आणि मजकुरात सगळीकडे जुने अनुस्वार. म्हणजे ते साधारण १९५७ ते १९६२ मधले. आत आपल्या शाळेच्या क्रीडास्पर्धांचे निकाल छापले आहेत, तेव्हा ते आपल्याच शाळेचे वार्षिक. त्याच्या एकोणिसाव्या पानावर सहा चौकटींची एक चित्रकथा आहे. एक मुलगा चंद्रावर जातो, तिथे त्याला बाई भेटतात आणि गृहपाठ मागतात. रेषा फार सफाईदार आहे. बाईंचा अंबाडा आणि चष्मा दोन फटकाऱ्यांत उभा केला आहे. खाली सही नाही, इयत्ता नाही, नाव नाही.

ते पान मोठे करून वाचनालयाच्या दारावर लावले आहे. त्या वर्षांत शाळेत असलेले आजी-आजोबा ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्यांना एखाद्या शनिवारी दहा ते बाराच्या दरम्यान घेऊन यावे. जिना चढवत नसेल तर निरोप पाठवा, आम्ही पान घेऊन घरी येऊ.