परसातील फुलांची नोंदवही

सोलापुरातील एका जुन्या पेठेत, वाड्याच्या मागील बाजूस, एक लहानसे परस आहे. त्यात एक कडुनिंब, एक पांढरा चाफा, कागदी लिंबाचे झाड, दोन जास्वंदी आणि भिंतीलगत मोगऱ्याचा वाफा. यंदा गुढीपाडव्याच्या सकाळी घरातील वडीलधारे, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणते, हाती मोबाइल घेऊन या परसात उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी जेमतेम एक महिना शिल्लक होता. वाड्याच्या पुनर्विकासाचा करार दिवाळीनंतर झाला होता आणि अक्षय्य तृतीया होताच जागा रिकामी करून द्यावयाची होती. करारावर पहिली सही अण्णांचीच. चटई क्षेत्र, दुकानाचा गाळा, दरम्यानचे भाडे हे सारे त्यांनी तीन वेळा वाचून घेतले होते. परसाचा उल्लेख त्यात कोठेच नव्हता, हे ध्यानात आले ते सही वाळल्यानंतर.

पहिल्या दिवशीची चाळीस छायाचित्रे अगदीच वाईट निघाली. गर्द पानांतील मोगरा म्हणजे नुसता पांढरा ठिपका. पाकळी नाही की पदर नाही. नातवाने कारण सांगितले. कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी काढतो. पानांचा काळोख पाहून उजेड वाढवितो आणि त्या वाढीव उजेडात बिचारे फूल करपून जाते. उपायही सोपा होता. पडद्यावर फुलाच्या जागी बोट टेकवावे, शेजारी सूर्याचे चिन्ह उमटते, ते खाली ओढावे. सरासरीने होणारा घोटाळा व्यापाऱ्याला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

पुढचे मात्र अण्णांना कोणी शिकविले नाही. चाळीस वर्षे कापडाच्या दुकानात बसलेल्या माणसाला पांढरा रंग एकच नसतो हे ठाऊक असते. मांजरपाट पांढरा, मलमल पांढरी, पॉपलीनही पांढरेच. परंतु ट्यूबलाइटखाली तिन्ही सारखी दिसतात, म्हणून चोखंदळ गिऱ्हाईक तागा घेऊन दुकानाच्या ओट्यावर येते. तेही भर उन्हात नव्हे, छपराच्या सावलीत. अण्णांनी फुलांना हाच न्याय लावला. चैत्रातले सोलापूरचे ऊन नऊच्या सुमारास डोळ्यांत खुपू लागते, म्हणून ते साडेसहाला परसात येऊ लागले. ऊन आलेच तर छत्रीची सावली धरावी, आणि काळोख्या बाजूस धुतलेले धोतर पसरून त्यावरून उजेड परतवावा. या युक्तीने चाफ्याच्या पाकळ्या एकमेकींवर कशा चढलेल्या असतात आणि मधला पिवळा रंग कडेकडे कसा विरत जातो, ते प्रथमच दिसले. चाफ्याच्या फुलात मध नसतो, केवळ सुगंधाच्या भरवशावर रात्रीचे पतंग त्याच्याकडे येतात, हे नातवाकडून कळले तेव्हा अण्णा मनापासून हसले. माल नसता नुसत्या पाटीवर चालणारे असे दुकान त्यांनी पेठेतही पाहिले होते.

जास्वंदीने सर्वांत अधिक छळले. तिचा लाल रंग कॅमेऱ्यात सपाट होऊन जातो, शिरा पुसल्या जातात. आणि फूल एका दिवसाचे, संध्याकाळी मिटलेले. आज चुकले ते उद्या दुरुस्त करता येत नाही, उद्याचे फूल दुसरे. एके दिवशी तिच्या देठावर मुंग्यांची रांग होती. अण्णांनी फांदी हलविली नाही. रांग संपेपर्यंत थांबले, तोवर ऊन चढले आणि तो दिवस कोराच गेला.

रोज रात्री एकच छायाचित्र ठेवावयाचे, बाकीची पुसावयाची, आणि जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानांवर तिथी, फूल आणि वेळ लिहावयाची, असा त्यांचा नेम होता. त्यांच्या पत्नी, माई, यांना या उद्योगाचे कौतुक नव्हते.

“अहो, फोटोला वास येतो का?” त्यांनी एकदा विचारले. अण्णांना उत्तर सुचले नाही.

माईंचा मार्ग निराळा होता. या घरात फूल खुडण्याची पद्धत नाही, गळालेलेच उचलतात. पण झाड वाचवावयाचे म्हटल्यावर त्यांनी चाफ्याच्या चार फांद्या स्वतः कापून घेतल्या. चीक सुकेपर्यंत त्या सावलीत ठेवाव्या लागतात, तेव्हाच मातीत धरतात. मोगऱ्याच्या वेलीसारख्या दोन फांद्या वाकवून कुंड्यांतील मातीत दाबल्या होत्या. भाड्याच्या घराला एक लहान सज्जा होता, तेवढ्यात मावेल इतकेच त्या करीत होत्या. कडुनिंबाबद्दल त्या काही बोलत नसत. त्याच्या बुंध्यावर तांबड्या रंगाने क्रमांक पडला होता. शहरातील झाड तोडण्यास १९७५ च्या राज्य कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तसा अर्ज गेलेला होता. अण्णांनी थोरल्या मुलास सुचविले, वाहनतळ पलीकडे सरकला तर झाड राहील. मुलाने नकाशा दाखविला. पलीकडे जिना होता.

कडुनिंबाचे फूल तांदळाच्या दाण्याहून फारसे मोठे नसते. फोन फार जवळ नेला की सारे धूसर होते. थोडे मागे सरून दृश्य मोठे करावे, तेव्हा कोठे पाच पाकळ्या आणि मधली नळी दिसते. अशी फुले अण्णांनी पुष्कळ टिपली. संपूर्ण झाड मात्र परसातून चौकटीत मावेना. अखेर चार दिवस उरले असता ते मागील गल्लीतल्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले. फुलोरा सरत आला होता. वरून परस फारच लहान दिसले. कडुनिंबाने ते जवळजवळ झाकून टाकले होते. एका मोकळ्या जागेत माई गळलेली फुले झाडीत होत्या, मुंग्यांना इजा होऊ नये म्हणून मऊ केरसुणीने, अगदी सावकाश. अण्णांनी हाक मारली नाही.

त्या रात्री माईंनी प्रथमच फोन हाती मागून घेतला. बराच वेळ पाहिले.

“पदर नीट नाही माझा. हा पुसा.”

“बरं,” अण्णा म्हणाले, आणि रोजमेळात तिथी लिहून त्यांनी फोन उशाखाली ठेवला.